पानिपत आणि पोरपणाचा आरोप

पानिपतच्या पराभवाविषयी मराठीत जे लेखन झाले आहे त्यात एक सूर फार जुना आहे आणि तो अजून विरलेला नाही. थोरांचे ऐकले असते तर हा प्रसंग ओढवला नसता, हा तो सूर. उत्तरेत हयात घालवलेल्या मल्हारराव होळकराने आणि मुरब्बी सुरजमल जाटाने सांगितले होते की बायकामाणसे, यात्रेकरू, बाजारबुणगे आणि अवजड तोफा ग्वाल्हेर-झाशीकडे किंवा जाटांच्या किल्ल्यांत ठेवाव्यात आणि सड्या फौजेने गनिमी काव्याची लढाई खेळावी. सदाशिवरावभाऊने ते मानले नाही. पुढे पौष शुद्ध अष्टमीला, १४ जानेवारी १७६१ रोजी, जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. ह्या कथनात भाऊ तापट ठरतो, हेकट ठरतो आणि मुख्यतः लहान ठरतो. डावपेच चुकलेला सेनापती म्हणून तो आपल्यापुढे क्वचितच येतो. येतो तो बहुधा वडिलांची आज्ञा मोडलेला मुलगा म्हणून. आम्हाला येथे विचार करायचा आहे तो ह्या लहान ठरवण्याचा.

प्रथम वयांचा हिशेब मांडू. १७३० साली जन्मलेला भाऊ पानिपतावर तीस वर्षांचा होता. पहिल्या बाजीरावाला पेशवाईची वस्त्रे मिळाली १७२० साली, विसाव्या वर्षी. नानासाहेब १७४० साली पेशवा झाला तेव्हा त्याने विशीही ओलांडली नव्हती. एप्रिल १७५८ मध्ये रघुनाथराव लाहोरात शिरला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता, आणि त्या मोहिमेचे पोवाडे आपण आजही अटकेच्या नावाने गातो. पलीकडच्या छावणीतही चित्र निराळे नाही. अहमदशहा अब्दालीला १७४७ साली कंदाहारला राजा निवडले ते पंचविशीच्या आसपास, आणि निवडणारे होते टोळ्यांचे वडीलधारे. अब्दालीचा मित्र शुजाउद्दौला भाऊपेक्षा दीड वर्षाने धाकटा. त्याला पोरकट म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही. अठराव्या शतकातल्या राजकारणाच्या मापाने तिशीतला मनुष्य पुरता पिकलेला होता. भाऊ सोळा-सतरा वर्षांचा असताना कर्नाटकाच्या स्वारीवर गेला होता, आणि उत्तरेला निघण्याच्या अगोदर नुकताच, फेब्रुवारी १७६० मध्ये, त्याने उदगीरला निजामाला गुडघे टेकायला लावले होते. म्हणजे वयाचा आक्षेप वयावर नाहीच. लाहोर घेणाऱ्या तेविशीला आपण तेज म्हणतो आणि पानिपत हरणाऱ्या तिशीला पोरपण म्हणतो.

अनुभवाचा आक्षेप मात्र खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. भाऊने हिंदुस्थानात कधी मोहीम केली नव्हती. तिथल्या नद्यांना उतार कुठे, कोणता राजा कशाने दुखावतो, कोणत्या नबाबाचा शब्द किती दिवस टिकतो, ह्यातले काही त्याच्या अंगवळणी पडलेले नव्हते. तो मुळात हिशेबाचा आणि कारभाराचा माणूस. परंतु अनुभव नसणे आणि लहान असणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपली भाषा त्यांची सहज गल्लत करते.

ह्या गल्लतीला एक कारण आपल्या नावांतही आहे. नानासाहेब, भाऊसाहेब, दादासाहेब : पेशव्यांच्या घरातले पुरुष आपल्याला नात्यांच्या नावांनीच परिचित आहेत. इतिहासाचे पुस्तक उघडले की आपण एखाद्या एकत्र कुटुंबाच्या ओटीवर जाऊन बसतो. मग राज्यकारभारातला मतभेद हा घरातला बेबनाव होतो आणि रणनीतीचा वाद हा मोठ्यांशी उलट बोलण्याचा प्रकार होतो. मराठीत 'वडील' ह्या एकाच शब्दात बापही आहे आणि वयाने मोठा असलेला कोणीही आहे. प्रौढ माणसाला आपल्याकडे जुने शब्द दोन, 'कर्ता' आणि 'जाणता'. दोन्हींत वर्षे मोजलेली नाहीत. कर्ता तो, ज्याच्या हाती घराचा व्यवहार आहे. जाणता तो, ज्याला बरेवाईट उमगते. घरातला मुलगा चाळिशीचा होऊनही कर्ता नसतो, बाप आहे तोवर. भाऊचा सगळा पेच ह्या दोन शब्दांच्या मध्ये आहे.

हा पेच पानिपताच्या दहा वर्षे आधी एकदा उघड झाला होता, आणि त्याच्याकडे कादंबरीच्या वाचकांचे फारसे लक्ष जात नाही. चिमाजीअप्पा १७४० च्या अखेरीस वारला तेव्हा भाऊ दहा वर्षांचा होता. त्याची आई त्याच्या जन्मानंतर थोड्याच काळात गेलेली. आजी राधाबाईने त्याला वाढवले, रामचंद्रबाबा शेणव्याने त्याला कारभारात तयार केले. वसई घेणाऱ्या बापाचा हा मुलगा चुलतभावाच्या हुकमतीखाली वाढत होता. १७५० साली सांगोल्याचे बंड मोडून आल्यावर त्याने पेशव्याचा कारभारी होण्याची इच्छा धरली. त्या जागेवर महादोबा पुरंदरे होता. पुरंदरे हे पेशव्यांचे पिढ्यांचे घरोब्याचे. नानासाहेब आढेवेढे घेऊ लागला तेव्हा कोल्हापूरच्या छत्रपतींकडून भाऊला तिकडच्या पेशवेपदाचे बोलावणे आले, आणि भाऊ जाण्याची भाषा करू लागला. घर फुटण्याची वेळ आली. शेवटी पुरंदऱ्याने समजुतीने जागा सोडली आणि वीस वर्षांचा भाऊ पुण्यात कारभारी झाला. बंडखोरी म्हणावी तर ही. पण ही बंडखोरी वडीलकी झुगारण्यासाठी केलेली नव्हती, वडीलकीत वाटा मिळावा म्हणून केलेली होती. तो वाटा मिळाल्यावर पुढची दहा वर्षे तो नानासाहेबाशी एकनिष्ठ राहिला.

आता मल्हाररावाच्या सल्ल्याकडे वळू. पानिपतावर तो सदुसष्ट वर्षांचा होता, आणि त्याचा अधिकार कोणी अमान्य करू नये असाच होता. जुन्या हकिकतींत असे येते की भाऊने त्याच्या म्हातारपणावरून आणि धनगरकीवरून त्याला टोचून बोलले. असे बोलणे झाले असेल तर ते निंद्यच. परंतु त्या एका टोमण्याच्या आड सल्ल्याची तपासणी राहून जाते. मार्च १७६० च्या सुरुवातीलाच, म्हणजे भाऊ दक्षिणेतून निघत होता त्याच सुमारास, सिकंदराबादजवळ अफगाणांनी मल्हाररावाच्या सड्या फौजेवर अकस्मात छापा घालून तिची दाणादाण उडवली होती. त्याच्या अगोदर १० जानेवारीला बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडला होता. ज्या पद्धतीची शिफारस वृद्ध सरदार करत होता ती पद्धत ह्या शत्रूपुढे नुकतीच फसलेली होती, तर तोफखाना उदगीरला नुकताच यशस्वी झालेला होता. शिवाय ज्या नजीबखानाने अब्दालीला हिंदुस्थानात आणले आणि थांबवून धरले, तो १७५७ साली दिल्लीत मराठ्यांच्या हाती सापडला असता मल्हाररावानेच त्याला सोडवले होते. त्याला तो मुलासारखा मानत असे. वडीलकीच्या सल्ल्यालाही त्याची त्याची जुनी येणी-देणी असतात. भाऊने सल्ला नाकारला ह्यात उर्मटपणा किती आणि हिशेब किती, हे ठरवताना निदान एवढे तरी समोर ठेवायला हवे.

बखरकारांनी ते समोर ठेवले नाही, आणि त्यांच्याकडून ती अपेक्षाही चुकीची. 'भाऊसाहेबांची बखर' एम.ए.च्या वर्गात शिकवताना आम्हाला नेहमी जाणवते की तिची नजर महाभारताची आहे. तिथे माणसे स्वभावाने जिंकतात आणि स्वभावाने बुडतात. दाणागोटा संपला, नालबंदी थकली, नदीला पूर आला, ह्या गोष्टी तिथे आहेत. पण कारण म्हणून नाहीत, होणाराच्या वाटेवरच्या खुणा म्हणून आहेत. होणार ते भाऊच्या बुद्धीत शिरले, म्हणून त्याने ऐकले नाही. एवढ्या मोठ्या संहाराला एवढे छोटे, घरगुती कारण पुरते, ह्यात त्या बखरीचे गद्य-सामर्थ्य आहे आणि तिचा अन्यायही आहे.

हा अन्याय पुसण्याचे काम आधी इतिहासकारांनी केले. त्र्यं. शं. शेजवलकरांचा 'पानिपत : १७६१' हा मराठी ग्रंथ १९६१ साली, युद्धाला दोनशे वर्षे झाली त्या वर्षी आला. रणभूमी स्वतः पायाखाली घातलेल्या ह्या अभ्यासकाने दोषाचा रोख पानिपतच्या मैदानावरून काढून पुण्याकडे, नानासाहेबाच्या धोरणाकडे वळवला. मग १९८८ साली विश्वास पाटलांची 'पानिपत' आली आणि जे विद्वानांपुरते होते ते एस.टी.च्या प्रवासात वाचले जाऊ लागले. त्या कादंबरीचे मोल आमच्या मते तिच्या भाषणांत नाही. ते तिच्या उपाशीपणात आहे. यमुनेच्या पलीकडून येणारी रसद तुटली, गोविंदपंत बुंदेल्याकडून मागितलेला पैसा येईना, जनावरे मेली, थंडीने दक्षिणेतल्या माणसांची हाडे गोठली, हे ज्या तपशिलाने ती सांगते त्यामुळे भाऊचा 'स्वभाव' हळूहळू बाजूला सरतो आणि तिथे परिस्थिती दिसू लागते. १३ जानेवारीच्या रात्री बाहेर पडून लढण्याचा निर्णय हा हट्ट राहत नाही. उरलेला एकच रस्ता होतो.

ही कादंबरी आली तेव्हा तिचा लेखक तिशीच्या आत होता, भाऊच्याच वयाचा. हा निव्वळ योगायोग आहे असे आम्हाला वाटत नाही. साठीतल्या लेखकाने लिहिलेले पानिपत बहुधा मल्हाररावाच्या घोड्यावरून दिसले असते. (त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेने मताधिकाराचे वय २१ वरून १८ वर आणणारी घटनादुरुस्ती संमत केली, हा मात्र खराच योगायोग, पण आमच्या पुढच्या मुद्द्याला तो उपयोगी पडेल.)

कारण इथे आमची एक तक्रार आहे. बखरीने भाऊला पोर ठरवले, कादंबरीने त्याला कर्ता पुरुष म्हणून पुनः उभे केले. ठीक. पण तीस वर्षांच्या माणसाला पोरपणाच्या आरोपातून सोडवण्याच्या ह्या खटपटीत जो खरोखरच पोरगा होता, त्याचे काय झाले?

विश्वासराव हा नानासाहेबाचा थोरला मुलगा. जन्म १७४२. पानिपतच्या मोहिमेचा नावाचा प्रमुख तो होता. भाऊ त्याच्या वतीने कारभार पाहणार, अशी मांडणी. ह्याआधी १७५७ च्या अखेरीस सिंदखेडच्या लढाईतही पंधरा वर्षांचा विश्वासराव असाच नावाचा सेनापती होता, लढवणारे दत्ताजी शिंद्यासारखे दुसरे होते. पेशव्याचा मुलगा फौजेबरोबर असला की सरदार शिस्तीत राहतात, खजिन्याचा हिशेब डोळ्यांपुढे राहतो आणि उद्याच्या पेशव्याला रणाची सवय होते, असे तीन हेतू त्यात असावेत. त्याला दिल्लीच्या तख्तावर बसवणार, अशी आवई शत्रूने उठवली. भाऊने प्रत्यक्षात बादशाही शहाआलमच्या नावे जाहीर केली. म्हणजे ज्याच्या नावाने एवढे सगळे चालले होते, त्याचे स्वतःचे म्हणणे काय होते? दक्षिणेत परत जावे, तह करावा, की लढावे? मल्हाररावाचे मत आपल्याला ठाऊक आहे, भाऊचे ठाऊक आहे, इब्राहिमखान गारद्याचे ठाऊक आहे. विश्वासरावाचे कोणीच सांगत नाही. तो देखणा होता, शूर होता, दुपारी गोळी लागून पडला, आणि तो पडलेला पाहून भाऊ हत्तीवरून उतरून गर्दीत शिरला. म्हणजे कथानकात त्याचे खरे काम आहे ते मरण्याचे. त्याच्या मृत्यूने भाऊचा तोल गेला, हे सांगण्यासाठी तो लागतो.

सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की त्याच्याविषयी जी काही तपशीलवार, डोळ्यांनी पाहिलेली हकिकत आहे ती त्याच्या प्रेताची आहे, आणि ती शत्रूच्या छावणीतली आहे. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने फारसीत लिहिलेल्या वृत्तान्तात ती येते. प्रेत अब्दालीच्या गोटात आणले तेव्हा ते रूप पाहण्यासाठी लोकांची रीघ लागली. हा काफिरांचा राजा, ह्याच्यात पेंढा भरून काबूलला न्यावे, अशी अफगाण शिपायांनी मागणी केली. शुजाने मध्यस्थी करून ते ताब्यात घेतले आणि हिंदू रीतीने दहन करवले. जिवंतपणी ज्याचा एक शब्द आपल्या कागदांनी टिपला नाही, त्याचा देह परक्यांनी एवढा निरखून पाहिला.

युरोपात पहिल्या महायुद्धानंतर जी युद्धकादंबरी आली तिच्याशी तुलना केली की आपल्या कादंबरीची जागा स्पष्ट होते. एरिख मारिया रेमार्कच्या १९२९ सालच्या प्रसिद्ध जर्मन कादंबरीत शाळेचा मास्तर कांटोरेक वर्गातल्या मुलांना देशभक्तीची व्याख्याने देऊन भरतीला पाठवतो. आणि खंदकात पोचल्यावर त्या मुलांना कळते की ज्यांना आपण जाणते समजत होतो त्यांना काहीच कळत नव्हते. तिथे अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा निवेदक आहे आणि आरोपीच्या पिंजऱ्यात वडीलधारे आहेत. आमच्याकडे निवेदन सेनापतीच्या डेऱ्याभोवती फिरते. आरोप-प्रत्यारोप होतात ते कर्त्या पुरुषांमध्ये. रेमार्क स्वतः त्या युद्धात होता आणि पाटील पानिपतावर नव्हते, हा फरक आहेच. त्यांना साधने मिळाली ती दरबारी पत्रांची, आणि पत्रे लिहितो तो कर्ता. तरीही कल्पनेला तिथे जाता आले असते.

तसे एक साधन उपलब्धही आहे. विश्वासरावाच्याच वर्षी, १७४२ मध्ये जन्मलेला आणखी एक मुलगा पानिपतावर होता. वडील वारल्यामुळे १७५६ साली, चौदाव्या वर्षी त्याच्याकडे वंशपरंपरेची फडणिशी आली होती. आई आणि बायको यांना घेऊन तीर्थयात्रेच्या निमित्ताने तो फौजेबरोबर निघाला होता. हाच पुढचा नाना फडणीस. त्याने पुढे आपले जे छोटेसे आत्मवृत्त लिहिले त्यात त्या पळापळीची हकिकत आहे. आई हरवली ती कायमची. तो वेषांतर करून, पायी, उपाशी, पकडले जाण्याच्या भीतीत निसटला. त्याच आत्मवृत्तात तो आपल्या तरुण वयातल्या कामवासनेविषयी आणि त्याबद्दलच्या पश्चात्तापाविषयीही उघडपणे लिहितो, ह्याचे अभ्यासकांना नेहमी नवल वाटत आले आहे. आम्हाला मात्र ते एकत्र येणे स्वाभाविक वाटते. अठरा वर्षांच्या देहाला वासना आणि भीती एकाच काळात कळतात. पानिपतची खरी तरुण दृष्टी ह्या चार पानांत आहे. मराठी कादंबरीने तिच्या आधाराने पानिपत उभारले नाही, कारण पळून जाऊन वाचलेला मुलगा हा आपल्याला युद्धाचा नायक वाटत नाही.

आमच्या वर्गात पनवेल-उरण पट्ट्यातली मुले-मुली बसतात. 'पानिपत'वर चर्चा चालू असता एकदा जासईकडच्या एका विद्यार्थिनीने विचारले होते, "पण विश्वासरावाला कोणी विचारले होते का, तुला यायचे आहे का म्हणून?" हा प्रश्न तिथून आला ह्याचे आम्हाला फारसे आश्चर्य वाटले नाही. नवी मुंबई उभारण्यासाठी ह्या पट्ट्यातली जमीन गेली तेव्हा सातबारा आजोबांच्या नावाचा होता. मोबदला किती, केव्हा, कशाच्या बदल्यात, हे बोलणारे ते होते किंवा सरकार होते. त्या निर्णयाच्या आत आयुष्य काढायचे ते नातवंडांना. आणि आज्ञाभंग म्हणजे तरुण रक्त, हे समीकरणही इथे टिकत नाही. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ह्या दोन दिवशी जासई परिसरात आणि पागोट्याला शेतकऱ्यांवर पोलिसांचा गोळीबार झाला. पाच माणसे गेली. त्या लढ्याचे नेते, जासईचेच दि. बा. पाटील, तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. वकील, आमदारकी आणि खासदारकी भोगलेले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा मूळ शेतकऱ्याला देण्याचे धोरण पुढे आले ते ह्या लढ्यातून. ज्यांना शासन-दरबारी जाणते म्हणून खुर्ची मिळत होती, त्यांनीच सरकारचा आदेश मानला नाही. संक्रांतीच्या मागेपुढे दोन स्मरणदिन आमच्याकडे असे लागोपाठ येतात, एक पानिपतचा आणि एक जासईचा, आणि दोन्हीकडे प्रश्न हाच की सांगणारा कोण, ऐकणारा कोण आणि भोगणारा कोण.

पानिपतानंतरची कथा रणजित देसाईंच्या 'स्वामी'त (१९६२) आहे. ती युद्धकादंबरी नव्हे, पण पानिपतावर अनुत्तरित राहिलेला प्रश्न तिथे पुढे चालतो. नानासाहेब २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर वारला आणि त्याचा दुसरा मुलगा माधवराव सोळाव्या वर्षी पेशवा झाला. काका रघुनाथराव पालक. काका म्हटले की आपल्यापुढे पिकल्या मिशांचा गृहस्थ येतो. प्रत्यक्षात हा काका तेव्हा सत्तावीस वर्षांचाही नव्हता, पुतण्याहून जेमतेम साडेदहा वर्षांनी मोठा. त्याचा अधिकार वयाचा नव्हता, नात्याचा होता. पुतण्याने तो मानला नाही आणि १७६२ च्या नोव्हेंबरात दोघांच्या फौजा घोडनदीकाठी समोरासमोर आल्या. तिथे हार होत आहे असे दिसताच माधवरावाने जे केले ते आम्हाला ह्या सगळ्या इतिहासातले सर्वांत प्रौढ कृत्य वाटते : आळेगावी तो आपण होऊन काकाच्या गोटात गेला आणि त्याच्या स्वाधीन झाला. राज्य दुभंगण्यापेक्षा कैद बरी, हा हिशेब सतरा वर्षांच्या मुलाने केला. पुढच्याच वर्षी, १० ऑगस्ट १७६३ रोजी, राक्षसभुवनला निजामाने रघुनाथरावाला घेरले असता त्यानेच काकाला सोडवले आणि त्यानंतर कारभार आपल्या हाती घेतला. माधवराव वाकला तोही कर्तेपणाने आणि उठला तोही कर्तेपणाने. देसाईंनी त्याच्या हळवेपणावर, रमाबाईवर आणि शेवटच्या आजारावर भर दिला आहे, आणि वाचकांनी त्यासाठीच त्या पुस्तकावर प्रेम केले. आळेगावचा माधवराव अजून कोणी पुरता लिहिलेला नाही.

आणि ज्या वडीलकीविषयी हा एवढा वाद, ती पानिपताच्या वेळी कुठे होती? डिसेंबर १७६० मध्ये, मुलगा आणि भाऊ वेढ्यात अडकले असताना, चाळिशीचा नानासाहेब पैठणला दुसरे लग्न करत होता. मग तो उत्तरेकडे निघाला. वाटेत भिलशाला त्याच्या हाती ते सावकारी सांकेतिक पत्र पडले, ज्यात माणसांचा हिशेब मोत्यांत आणि मोहरांत मांडला होता. दोन मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव. त्या हिशेबात मात्र तीस वर्षांचा आणि अठरा वर्षांचा एकाच भावाने लागला. पुढे सहा महिनेही तो जगला नाही. त्याला कोणी पोरकट म्हटले नाही.

ज्या महाराष्ट्राने भाऊला दोष दिला त्यानेच त्याच्या मरणावर विश्वास ठेवला नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. थोड्याच वर्षांत एक कनोजी ब्राह्मण मीच भाऊ म्हणून पुढे आला. माधवरावाने त्याला कैदेत टाकले. १७७६ साली रत्नागिरीच्या सुभेदाराने त्याला सोडले तेव्हा कोकणातले किल्ले त्याच्या स्वाधीन होऊ लागले आणि हजारो माणसे त्याच्यामागे निघाली. फौजांनी त्याला बोरघाटाच्या आसपास गाठले; तो होडीने निसटू पाहत होता, तेव्हा आमच्याच कुलाब्याच्या किनाऱ्यावर रघूजी आंग्र्याने त्याला धरले. पुण्यात डिसेंबरात त्याला देहान्त शिक्षा झाली. ह्या प्रकरणाचा निकाल लावणारा कारभारी होता नाना फडणीस, पानिपतावरून पळून आलेला तो अठरा वर्षांचा मुलगा, आता चौतीस वर्षांचा. भाऊची पत्नी पार्वतीबाई तेव्हा हयात होती. नवरा मेल्याचे तिने कधीच मान्य केले नाही. १७८३ साली ती वारली, तोपर्यंत तिने कपाळीचे कुंकू पुसले नव्हते.